तिसरा हिस्सा

"अहो, हे काय केलंत? बुडासकट काढून आणलात?"

डॉक्टरबाईंनी पिशवी ट्रेमध्ये रिकामी केली आणि पाणबुड्याकडे पाहिले. तो अजून ओलाच होता. संशोधन केंद्रात बावीस वर्षे तो समुद्रातले स्पंज आणून देत होता. भांडी घासायचे नव्हेत, खडकाला चिकटून जगणारे. जागचे हलता येत नाही म्हणून हा जीव अंगात विष बाळगतो, आणि त्या विषातून कॅन्सरवर काही हाती लागते का, ते बाई शोधत. कापायचा फक्त तिसरा हिस्सा, बूड खडकावर ठेवायचे, म्हणजे स्पंज पुन्हा वाढतो. नव्या पाणबुड्यांकडून हा नियम त्यानेच घोकून घेतला होता.

"जास्त माल मिळाला तर काम लवकर होईल, असं वाटलं," तो म्हणाला.

त्याच्या बायकोलाच कॅन्सर होता. याच पिवळ्या स्पंजाच्या अर्काने प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या, ही बातमी मागच्या महिन्यात बाईंनीच आनंदाच्या भरात त्याला सांगितली होती. आता त्यांना त्या आनंदाची लाज वाटली.

"बशीत मेल्या हो. माणसाच्या अंगात काय होईल, कुणी सांगावं? औषध झालंच तर दहा-बारा वर्षं. बहुतेकदा होतच नाही."

"बारा," एवढेच म्हणून तो पाठीवरची हवेची टाकी धुवायला गेला.

घरी बायको खिडकीपाशी उशीला टेकून बसली होती. "काय म्हणतंय माझं औषध?" तिने विचारले. हा तिचा रोजचा प्रश्न. एरवी 'चाललंय' म्हणून तो वेळ मारून न्यायचा. आज त्याला खोटे बोलवेना.

"बारा वर्षं लागतील म्हणतात."

ती हसली. "सावकाश होऊ द्या. मी कुठं पळून चाललेय?" मग जरा थांबून म्हणाली, "दिसतो कसा हो तो?"

"पिवळाधमक. तुझ्या त्या जुन्या स्वेटरसारखा."

"जन्मभर पाण्यात राहिलात, मला एकदाही काही दाखवलं नाहीत."

कसा दाखवणार? पाण्याबाहेर काढला की त्याचा रंग उतरतो, तपकिरी गोळा होतो. तिचा हात धरून तिला खाली त्या खडकापाशी न्यावे, असे त्याला फार वाटले. तो उगाच तिची चादर नीट करत राहिला.

उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

तिला जाऊन तीन वर्षे झाली. तसा पिवळा स्पंज दुसरीकडे कुठेच सापडला नाही. अर्क संपला आणि बाईंचे काम अडले. बाईंनी त्याला बोल लावला नाही, पण त्याने स्वतःला लावला. प्रत्येक फेरीत काम उरकले की तो त्या बोडक्या खडकाशी जाऊन यायचा. घरी आता विचारणारे कुणी नव्हते.

आज खडकाच्या फटीत नखाएवढे पिवळे काहीतरी दिसले. त्याने बोट जवळ नेले आणि मागे घेतले. टाकीतली हवा संपत येईपर्यंत तो तिथेच थांबला.

केंद्रात परतल्यावर बाईंनी नेहमीसारखे विचारले, "काही?"

"आलाय. पण नखाएवढाच आहे."

बाई खुर्चीवरून उठल्याच. "कापण्याजोगा कधी होईल?"

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला, आणि टाकी धुवायला गेला.