मोठ्या डॉक्टरांचा नियम

तिने हॉस्पिटलच्या गेटची कडी काढली, दिवस भरलेल्या मुलीला दंडाला धरून आत घेतलं आणि मागून येणाऱ्या बापाच्या तोंडावर कडी परत लावली.

"अगं, वेडी की काय तू? मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"मोठे डॉक्टर. घरी विलगीकरणात. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, साहेब."

व्हीलचेअर आली आणि मुलगी कण्हत आत गेली. निगेटिव्ह रिपोर्ट मुलीकडेही नव्हता, पण गेटवालीने तो मागितलाच नाही. पोटातल्या जिवाशी तिचं काय वाकडं होतं?

साथ नुकतीच भडकली होती तेव्हा याच गेटबाहेर तिची धाकटी बहीण कळा देत उभी होती. रिपोर्ट नाही तर प्रवेश नाही, हा नियम या डॉक्टरांचाच. वरच्या गॅलरीतून त्यांनी नुसता हात हलवला होता, दुसरीकडे न्या म्हणून. दुसरीकडे पोचायच्या आत रिक्षातच मायलेकरं गेली. पुढे इथे गेटवर माणूस हवंय असं कळलं आणि तिने ही नोकरी धरली. मास्कमुळे कुणी ओळखलं नाही. डोळ्यांत तेल घालून गेट राखते, असं सुपरवायझर कौतुकाने सांगायचा. ते तेल कसलं, हे त्या बापड्याला काय ठाऊक!

"तिचं बीपी वाढलंय गं. आई नाही तिला. एकटी घाबरेल."

"घाबरेल ना."

"अगं, हा नियम मीच केलाय!"

"म्हणून तर पाळतेय."

डॉक्टरांनी खिसे चाचपले. फोन मुलीच्या पिशवीतून आत गेला होता. ते फुटपाथवर मटकन बसले. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मग कळू दे की.

बऱ्याच वेळाने केबिनमधला इंटरकॉम वाजला. वरून सिस्टर बोलत होती.

"मुलगा झाला. दोघंही सुखरूप आहेत. साहेब बाहेरच असतील, त्यांना सांग हं."

"सांगते."

तिने फोन ठेवला. डॉक्टर गजांना धरून उभे होते. चष्म्यावर वाफ धरली होती, ती पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"काय म्हणाल्या? सांग ना, बाई. पाया पडतो तुझ्या."

"काही नाही. जेवणाचे डबे आले का, विचारत होत्या."

ते पुन्हा खाली बसले. या खेपेला गुडघ्यांत डोकं घालून.

तेवढ्यात पुढच्या पाळीचा गेटवाला सायकल लावून आला.

"चला ताई, सुटलात. निघा आता."

तिने खुर्ची ओढून इंटरकॉमला लागून ठेवली आणि तिच्यात ऐसपैस बसली.

"तू जा घरी," ती म्हणाली. "आज मी थांबते."