बारा व्होल्ट आणि पाच अंडी

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. माझे कोपरे झिजले आहेत, अंगावरचे लेबल केव्हाच निघून गेले आहे. पण अजून बारा व्होल्टची आहे बरे का! मी एक बॅटरी आहे. एका फिरत्या घरात, बाकाखाली, मी सात वर्षे काढली. त्यातल्या तीन दिवसांची गोष्ट सांगायला बसले की आजही माझ्या अंगात झिणझिण्या येतात.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये आम्ल आणि वरून काळे कवच. वजन सत्तावीस किलो! मला उचलून गाडीत ठेवताना बाबांची कंबर धरली ती दोन दिवस सुटली नाही.

बाबांचे केस कापायचे दुकान होते. आई नाटकांसाठी रंगमंचावर दिवे लावायची. सुट्टी लागली की दोघे आपल्या मुलीला, भिंगरीला, घेऊन निघायचे. गाडीत दोन बाके, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज आणि छतावर उन्हातून वीज करणारे पॅनेल होते. गाडी चालली की इंजिन मला भरायचे, थांबली की ऊन भरायचे. आणि मी दिवे, पंखा, फ्रीज, फोन अशा सगळ्यांना वीज पुरवायची.

पण मी काही विहीर नव्हे, मी घागर. आईला हे पक्के ठाऊक होते. तिने बाकावर काट्याचा मीटर बसवला होता आणि बाराच्या आकड्यावर नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. "काटा या रेघेखाली गेला की बॅटरी कायमची अशक्त होते," ती सगळ्यांना बजावायची. बाबांचे मात्र साधे गणित होते. बटण आहे म्हणजे वीज आहे!

एका वर्षी भिंगरीची आत्याही सोबत निघाली. ती पक्ष्यांच्या दवाखान्यात काम करायची. तळ्याकाठचे गवत यंत्राने कापताना एक रानबदकीण उडून गेली ती परतलीच नाही. तिची पाच अंडी आत्याने उबवणीच्या पेटीत ठेवली होती.

"वहिनी, साडेसदतीस अंश. कमी नको, जास्त नको," आत्या म्हणाली. "तीन-चार दिवसांत फुटतील. यांना मागे कशी ठेवू?"

आईने पेटीची पाठ वाचली. "चाळीस वॅट. गाडी रोज चालली तर झेपेल."

गाडी रोज चालली तर! दुसऱ्याच दिवशी डोंगरातल्या चढावर 'फट्' असा आवाज झाला आणि इंजिनाचा पट्टा तुटला. बाबांनी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "पट्टा मागवावा लागेल. परवा दुपारी येतो." रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. वर आभाळ असे दाटले होते की छतावरचे पॅनेल नुसते शोभेला उरले.

आईने कंबर कसली. "फ्रीज बंद. दूध आत्ताच पिऊन टाका. पंखा बंद. फोन एकच चालू. दिवा मी सांगेन तेव्हाच."

"आई, आपण नाटकात आहोत का?" भिंगरीने विचारले.

"हो, आणि प्रयोग तीन दिवस चालणार आहे!"

मला इतका मान कधी मिळाला नव्हता! दर तासाला भिंगरी मीटर वाचून ओरडायची, "बारा पूर्णांक चार! बारा पूर्णांक तीन!" मी थेंब थेंब पेटीला देत होते. अडकल्याचा दुसरा दिवस उजाडला आणि सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच माझ्यातून कुणीतरी अचानक बदाबदा वीज ओढू लागले. माझी दातखीळ बसायची वेळ आली. माझ्या बारा व्होल्टची घरातल्यासारखी वीज करून देणारा इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. त्याच्यासोबत पेटीही!

"दादा!" आत्या ओरडली. "अंडी गारठतायत!"

बाबा एका हातात केस वाळवायचा ड्रायर आणि दुसऱ्या हातात ओला मोजा घेऊन उभे होते. "अगं, मोजे वाळवत होतो. दोनच मिनिटं..."

"हजार वॅटचा आहे तो!" आईने कपाळावर हात मारला. "अशा पंचवीस पेट्या चालल्या असत्या तेवढ्यात!"

बाबांचा चेहरा एवढासा झाला. आईने इन्व्हर्टर पुन्हा चालू केला, पेटी हळूहळू तापली. पण माझा काटा बराच खाली आला होता. बाबांनी शेगडीकडे पाहिले. आणि एकदम उठले. "वीज कमी आहे, पण गॅस तर भरलेला आहे ना? पाणी तापवतो! पेटीला बाहेरून ऊब दिली तर बॅटरीला कमी काम पडेल."

त्यांनी बाटल्यांत गरम पाणी भरले, दुकानातल्या टॉवेलांत गुंडाळले आणि पेटीभोवती रचले. दर तासाला बाटल्या बदलण्याचे काम त्यांनी कुणालाही करू दिले नाही. आणि खरेच, माझ्यावरचा भार जवळजवळ निम्मा झाला. अरे वा, बाबा!

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी पेटीला कान लावून बसली होती. "आत्या! आतून कुणीतरी बोलतंय!"

एका अंड्याला बारीक चीर गेली होती. त्याच क्षणी माझा काटा लाल रेघेवर टेकला आणि इन्व्हर्टर कुईकुई करू लागला.

आई माझ्याशेजारी खाली बसली. "आणखी मागितलं तर ही पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही," ती म्हणाली.

"आत्ता पेटी बंद पडली तर पिल्लं कवचातच राहतील, वहिनी."

आईने माझ्या अंगावर तळहात ठेवला. "दे बाई, आहे तेवढं दे." मग तिने इन्व्हर्टर बंद केला, कारण तो नुसता जागा राहायलाही वीज खात होता, आणि पेटीसोबत अडीनडीला दिलेली बारा व्होल्टची वायर थेट मला जोडली.

मित्रांनो, मी दिले! शिशाच्या पट्ट्यांत दुखू लागले, तरी दिले. अकरा पूर्णांक आठ. अकरा पूर्णांक सहा. "चोच दिसली!" भिंगरी किंचाळली. मग एक ओले पिल्लू बाहेर पडले, मागोमाग दुसरे. बाबा बाटली हातात धरून नाचू लागले. तिसरे, चौथे! पाचवे अंडे मात्र शांतच राहिले. आत्याने ते बराच वेळ ओंजळीत धरले आणि मग हलकेच बाजूला ठेवले.

दुपारी मेकॅनिक पट्टा घेऊन आला, दारातून आत डोकावला आणि म्हणाला, "अहो, गाडी दुरुस्त करायचीय की बदकखाना?" सगळे पोट धरधरून हसले. इंजिन गुरगुरले आणि माझ्यात पुन्हा वीज येऊ लागली. काय गोड वाटले म्हणून सांगू!

आईचे म्हणणे खरे ठरले. त्यानंतर माझी शक्ती निम्मीच उरली. फ्रीज मला झेपेना. गाडीत नवी बॅटरी आली आणि मला वाटले, आता भंगारात. पण आत्याने मला दवाखान्यात नेले. आता तिथे आजारी पिल्लांवरचा एकच छोटा दिवा मी सांभाळते. एवढे मला सहज जमते.

पिल्ले दोन महिन्यांची झाली आणि चौघांना तळ्यात सोडायला नेले, तेव्हा परतीच्या दिव्यासाठी मलाही हातगाडीवर ठेवले होते. पाण्यात चार वेळा 'डुबुक' झाले. एकानेही मागे वळून पाहिले नाही! भिंगरी हिरमुसली, मी मात्र आनंदाने फुगले. त्यांना आता कुणाच्याही विजेची गरज नव्हती.

मित्रांनो, बटण दाबणे सोपे असते. पण दाबण्याआधी एकदा विचारा, "किती उरली आहे, आणि कुणाला जास्त हवी आहे?" आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने ते तुम्हीच विचारायचे.