बंद न करायचा सिंथेसायझर

चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत ताईचा सिंथेसायझर अकरा वर्षं चालूच होता. ताई एकेकाळी बँडमध्ये वाजवायची. बोटं आखडायला लागली तसं तिने वाजवणं सोडलं, लेकीकडे राहायला गेली आणि जाताना हे धूड या चष्मेवाल्या भावाच्या गळ्यात घातलं.

"आतली बॅटरी मेलीय," ती म्हणाली होती. "वीज आहे तोवर मी बनवलेले आवाज याच्या ध्यानात राहतील. बंद केलास की सगळं विसरेल."

मग काय, चष्मेवाल्याने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं; वीज गेली तरी चालू राहावा म्हणून इन्व्हर्टर बसवला. हवा दमट झाली की त्याची एक पांढरी पट्टी आपसूक वाजायची. काच घासता घासता तो सूर कानावर आला की त्याला वाटायचं, हातातली काच विरघळून पाणी होतेय. गिऱ्हाईक विचारायचं, "आत कोण आहे?" तो म्हणायचा, "बहीण."

एका दुपारी मीटर बदलायला वायरमन आला आणि त्याने न विचारता इन्व्हर्टर बंद करून मेन स्विच खाली ओढला. चष्मेवाला धावत आत गेला, तोवर सिंथेसायझरचा हिरवा पडदा विझला होता. वीज आल्यावर पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली. एक पट्टी वाफेसारखी फुसफुसली, दुसरीतून विहिरीच्या तळाशी कुणीतरी गुणगुणत असल्यासारखं ऐकू आलं. ताईचा एकही आवाज उरला नव्हता.

दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून त्याने फोन लावला.

"ताई, तुझे आवाज माझ्याच्याने सांभाळले गेले नाहीत."

"आता काय वाजतंय त्यातून?" ताईने विचारलं.

"काहीच्या बाही."

"ऐकव तरी."

त्याने फोन पट्ट्यांजवळ धरला आणि एकेक पट्टी दाबत गेला. मध्येच ती म्हणाली, "थांब. ही परत दाब. सोडू नकोस."

रविवारी ताई स्वतःच आली. पाणीसुद्धा न पिता सिंथेसायझरसमोर बसली आणि एका वाकड्या बोटाने पट्टी दाबून धरली. सूर सावकाश उलगडला, रंग बदलत खोलीभर पसरला. घाईचं कामच नव्हतं. तो पुरता मावळल्यावर तिने दुसरी पट्टी दाबली. काउंटरपाशी थांबलेल्या बाई चष्मा मागायचं विसरून स्टुलावर टेकल्या.

"जुने आवाज पुन्हा बनवायचे का?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं.

"नको रे. ते तरण्या बोटांचे होते. मला आता त्यांच्यामागे पळवत नाही."

संध्याकाळी लेकीचा फोन आला, आई कधी परततेय म्हणून. ताईचं बोट पट्टीवरच होतं.

"चार दिवस लागतील गं," ती म्हणाली. "काम निघालंय."