मुथेऊबाईचा निवाडा

दुबईशेजारच्या अजमानात उन्हाळा पेटला की अंबादासला दम खायला सवड नसायची. गच्चीवरच्या टाक्या अशा तापायच्या की नळाखाली हात धरवत नसे. पंप जळायचे, आणि या बिल्डिंगीतून त्या बिल्डिंगीत त्याची व्हॅन धावायची. माणूस मूळचा माण तालुक्यातल्या ढाकणवाडीचा. पंपाच्या मोटारी भरायला म्हणून दुबईत आला आणि हळूहळू स्वतःच्या कंपनीचा मालक झाला. पण तोंडातलं माणचं पाणी काही आटलं नव्हतं. फार तर मधेच एखादं अरबी यल्ला, एखादं खलास येऊन मिसळायचं, एवढंच.

तर एकदा दुबईच्या करामा भागातल्या एका जुन्या बिल्डिंगीचा पंप त्यानं दुरुस्त केला. तिथं कशफ नावाची एक पाकिस्तानी बाई राहायची. ऑफिसातली नोकरी, पण डोक्यात भलताच छंद. ती आणि तिच्यासारखी चार शहाणी माणसं दर रविवारी लॅपटॉपवर जमायची आणि केनियातल्या क्यांगोनी नावाच्या गावाची कामं करायची. कोणी तिकडच्या बायकांना हिशेब शिकवी, कोणी देणग्यांसाठी अर्ज लिही. गाव त्यांच्यातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांच्या खटपटीनं तिथल्या विहिरीवर सौर पंप बसला होता, हे खरं.

पंप बसला आणि भांडण उभं राहिलं. पाणी आधी वरच्या वस्तीला की खालच्या, यावरून दोन्ही वस्त्यांनी एकमेकींच्या तोंडाकडं बघायचं सोडलं. पंपावर ताडपत्री पडली. कशफनं अंबादासला विचारलं, भाई, तुमच्या गावाकडं विहिरी असतात, तुम्ही लोक कसं निभावता? जरा बोलाल का त्यांच्याशी?

अंबादासला बरं वाटलं. आजवर त्याला कुणी गळक्या नळापलीकडचं काही विचारलं नव्हतं.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. पडद्यावर आंब्याच्या झाडाखाली बायका बसलेल्या, मधे त्यांची अध्यक्ष मुथेऊ. रुंद चेहऱ्याची, डोक्याला फडकं बांधलेली, सावकाश बोलणारी बाई. अंबादास हिंदीत सांगायचा, कशफ इंग्रजी करायची, तिकडं मुथेऊ ते आपल्या बोलीत फिरवायची. तेवढ्या वळणांतूनही त्याचा आवाज चढत गेला. म्हणाला, आमची विहीर सामायिक आहे. आमच्या वडलांनी पाळ्या बांधून दिल्या. एक दिवस माझा, एक दिवस भावाचा. वडील गेले, पण पाळी मोडली नाही. पाण्यावरून भांडतं ते गावच नव्हे.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कशफचे डोळे भरून आले. आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली अंबादासची बायको कमलिनी मात्र ऐकता ऐकता थांबली.

कारण खरी गोष्ट निराळी होती. म्हातारा गेला त्या वर्षीच थोरला शिवदास डाळिंबासाठी जादा पाणी घेतो म्हणून अंबादासनं इथून फोनवर भांडण काढलं. आपल्या वाटेकऱ्याकरवी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. शिवदासही काही कमी नव्हता. त्यानं शेजारी आपलं कुलूप लावलं. तेव्हापासून विहीर तुडुंब आणि दोन्ही रानं कोरडी. शिवदासनं बोअर मारलं, ते गुळण्या टाकत चालायचं. अंबादासचं रान पडीक. आणि भाऊ भावाशी बोलत नव्हता.

पुढच्या रविवारी मुथेऊनं सरळ सांगितलं, की आमच्या खालच्या वस्तीचा विश्वास बसत नाही. तुमच्या भावाला विहिरीवर उभं करा, आम्हाला दाखवा. त्याच्याच तोंडून ऐकू.

अंबादासला घाम फुटला. नेट चांगलं नाही म्हणाला, भाऊ अडाणी आहे म्हणाला. कशफनं सगळ्यावर तोड काढली. शेवटी त्यानं कमलिनीपुढं गाऱ्हाणं मांडलं.

ती म्हणाली, "भावाला फोन लावायला मधी आफ्रिका लागली व्हय तुमास्नी?"

"तू अस्मीला सांग की. ती समजावंल त्यास्नी. येळ मारून न्या म्हनावं, बास."

अस्मी म्हणजे शिवदासची सून. शेतकी कॉलेजात शिकलेली, इंग्रजी चांगलं. चुलतसासूचा फोन आला तेव्हा तिनं सासऱ्याला विचारलं, आणि शिवदास तयार झाला. इतका चटकन तयार झाला, की कमलिनीला उगीच धास्ती वाटली.

ठरल्या दिवशी पडद्यावर ढाकणवाडीचं माळरान आलं. वाळलं कुसळ वाऱ्यावर हलत होतं, मातीचा रंग भाजल्या विटेसारखा. अस्मीच्या हातात फोन आणि विहिरीच्या कठड्याशी शिवदास. फेटा तोच, मिशा पिकलेल्या. अंबादासला भाऊ एवढा वाळलेला दिसेल असं वाटलं नव्हतं. तो खुर्चीत नुसता चुळबुळत राहिला.

शिवदासनं रामराम घातला. ही विहीर आमच्या बापानं सुरुंग लावून फोडली, असं सांगितलं. मग मुथेऊनं विचारलं, पाळ्या कशा चालतात?

शिवदास कठड्यापासून बाजूला झाला. मग अस्मीला म्हणाला, फोन इकडं कर. तिनं तो स्टार्टरच्या पेटीपाशी नेला.

"ह्ये कुलूप माजं," शिवदास म्हणाला. "आन् ह्ये त्येचं. ह्या हाईत आमच्या पाळ्या."

अस्मीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग मुथेऊनं विचारलं, "मग पाणी पितं कोण?"

"पारवं," शिवदास म्हणाला. "कपारीला ऱ्हात्यात. त्यांचं बरं चाललंय."

तिकडं एक म्हातारी फस्सकन हसली, आणि मग सगळं झाडच हसायला लागलं. मुथेऊ एकटी हसली नाही. मागं वळून आपल्या लोकांना काहीतरी बोलली. अस्मीनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "मी म्हटलं, हे बघून घ्या. हे आपणच आहोत, थोडे पुढं गेलेले."

अंबादासनं कॅमेरा बंद केला. आपण आता कुणाला तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही, असं त्याला झालं.

पण झालं उलटंच. त्याच आठवड्यात क्यांगोनीच्या दोन्ही वस्त्यांनी बसून मिटवलं, पंपावरची ताडपत्री निघाली. कशफच्या मंडळींनी अहवालात लिहिलं, की भारतातल्या अनुभवी शेतकऱ्याच्या मार्गदर्शनामुळं हे साधलं. सोबत अंबादासचा इस्त्रीच्या शर्टातला फोटो. बैठकीत रेकॉर्ड झालेली ती कुलपांची फीत आणखी गावांना दाखवली गेली. आता दुबईत अंबादासची ओळख पाणीतज्ज्ञ अशी व्हायला लागली, आणि कुणी अभिनंदन केलं की तो इन्शाल्ला म्हणून विषय बदलायचा.

तिकडं दुसरंच सुरू झालं. शिवदास आणि मुथेऊ अस्मीच्या फोनवर परस्पर बोलायला लागले. आधी शेळ्यांवर, मग आंब्याच्या मोहरावर, मग एकमेकांच्या गुडघ्यांवर. रविवारच्या बैठकीत मुथेऊ अंबादासला बातम्या द्यायची. तुमच्या भावाच्या डाळिंबावर तेल्या रोग पडला. तुमच्या भावाचा बैल विकला. तुमच्या भावाला रात्री खोकला लागतो, तुम्हाला ठाऊक असेलच. अंबादास मान हलवायचा. ठाऊक काहीच नसायचं. सख्ख्या भावाचा खोकला त्याला केनियातून ऐकू येत होता.

एका रविवारी मुथेऊ म्हणाली, आज आमचं कामकाज बाजूला. आम्ही तुमचं प्रकरण घेतलंय. दोन्ही वस्त्या बसल्या, तुमच्या भावाचं ऐकलं. आता तुमचं सांगा.

अंबादासला ते लागलं. मदत करणारे आम्ही, हे कोण आमचा निवाडा करणार? पण सगळे पडदे त्याच्याकडं बघत होते. शेजारी कमलिनीही येऊन बसली होती. तो बोलायला लागला तो आधी हिंदीत, मग हिंदी कधी सुटली त्यालाच कळलं नाही. म्हणाला, बाच्या मातीला याया मिळालं न्हाई मला. व्हिसाचं लफडं व्हतं. तो बाच्या तेराव्याला सगळ्यांदेखत म्हनला, पैशेवाल्याला बाप कशाला लागतोय. पान्याचं न्हवतंच ते.

कशफला मराठी येत नव्हती. ती भाषांतर करायची थांबली. ढाकणवाडीहून अस्मीनंच ते हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं. शिवदास तिच्यामागं विहिरीपाशी उभा होता. त्यानं फेटा काढून पुन्हा बांधला.

मुथेऊनं मागं बसलेल्यांशी दोन शब्द बोलून घेतले. मग म्हणाली, "बोलणं तुमचं तुम्ही बघा. ते आमच्याच्यानं होणार नाही. कुलूप मात्र आज काढा. आम्ही बघतो."

शिवदास म्हणाला, त्याचं मी फोडायचो आणि तो उद्या पोलिसात जायचा. त्यानं सगळ्यांपुढं तोंडानं सांगावं.

"फोडा म्हनावं," अंबादास म्हणाला.

शिवदासनं आधी आपलं उघडलं, मग दगड उचलला. कुलूप गंजलेलं, दुसऱ्या घावाला सुटलं. कपारीतले पारवे भडभडा उडून गेले.

मोटार पुन्हा भरून आणावी लागली, पण पाणी चढलं. वाटेकऱ्यानं अंबादासच्या रानात मका टाकला. पाळ्याही लागल्या. फक्त त्या लागायच्या अशा, की शिवदास अस्मीकरवी मुथेऊला सांगायचा, मुथेऊ रविवारी अंबादासला सांगायची, आणि अंबादास वाटेकऱ्याला फोन करायचा. कशफनं यालाही एक भारी इंग्रजी नाव शोधून अहवालात घातलं.

असंच चाललं असतं. पण क्यांगोनीकडं मोठा पाऊस झाला, मोबाइलचा टॉवर पडला, आणि दोन रविवार आंब्याखालचा पडदा काळाच राहिला.

अंबादास एका गच्चीवर टाकीत उतरून वाकलेला असताना फोन वाजला. ओल्या हातानं त्यानं तो कानाला लावला.

"मी शिवदास," पलीकडून आवाज आला. "मुथेऊबाईचा फोन लागंना. तुला काय कळलंय का?"

"न्हाई. हितं बी न्हाई."

"म्हातारी एकटी ऱ्हाती रं ती. घर मातीचं हाय."

"कळलं की सांगतो."

फोन कुणीच ठेवला नाही. शिवदास खोकला, आणि खोकला थांबायला बराच वेळ लागला.

"दवा घेतोयस का?" अंबादासनं विचारलं.

"कसली दवा. तू हायेस कुटं आत्ता? लई घुमतंय."

"टाकीत," अंबादास म्हणाला, आणि तिथंच ओल्या तळाला टेकून बसला. "बोल तू."