रुमालाखालचा भाव

"आल्यापासून ह्या माणसानं माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाई." कोंडाबाईनं वजनकाट्यावरची धूळ पदरानं झटकत कम्प्युटरवर बसलेल्या सुनेला, धम्मप्रियाला सांगितलं, खुर्चीतल्या वीरण्णा व्यापाऱ्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "बायकांच्या कंपनीची अध्यक्ष मी, आन् सावकाराला कम्प्युटरवालीच दिसायलीय."

धम्मप्रियानं मान वर केली नाही. वीरण्णानं मात्र खुर्ची कोंडाबाईकडं वळवली.

"तसं न्हाई, अक्का. चुकलं माझं."

अक्का! औशाच्या अडतीवर हाच माणूस तिला 'ए बाई' म्हणाला होता. एकवीस वर्षं झाली त्याला. नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून चाळीस पोती सोयाबीन घेऊन ती एकटीच गेली होती. व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत होते. तिनं हात पुढं केला, तसा वीरण्णानं रुमाल उचलून खांद्यावर टाकला. "बाईच्या हाताला हितं जागा न्हाई. घरचा गडी आण." सगळी अडत खदाखदा हसली होती. शेवटी तिच्या दिरानं, निवृत्ती भाऊजींनी हात घातला, मान डोलावली, आणि त्या हंगामातला सगळ्यात पडका भाव तिच्या पदरात पडला. सावकार लुबाडतो, भाऊजी बिचारे काय करणार, असंच ती आजवर म्हणत आली. भाऊजींच्या फोटोला दरसाल हार घालत आली.

आता चाकूरच्या रस्त्यावरच्या ह्या गोदामात साठ बायकांचा सहाशे क्विंटल माल होता. परदेशातून येणाऱ्या तेलावरचा कर सरकार उतरवणार, सोयाबीन पडणार, अशी खात्री धरून वीरण्णानं लातूरच्या तेल गिरणीला हातात नसलेला माल आधीच विकून टाकला होता. सरकारनं कर वाढवला. भाव चढला, बाजारातला माल दडला. शनिवारपर्यंत गाड्या गिरणीत पोचल्या नाहीत, तर त्या दारात त्याला पुन्हा उभं करणार नव्हते. हे तालुक्यातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. आज गुरुवार होता.

"भाव बोला," कोंडाबाई म्हणाली.

वीरण्णानं पोती शिवणाऱ्या दहाबारा बायकांकडं पाहिलं. खिशातून पांढरा रुमाल काढून स्वतःच्या मनगटावर पसरला.

"चारचौघात नको, अक्का. हात द्या."

सुया थांबल्या. कोंडाबाईनं हात पदराला पुसला आणि रुमालाखाली घातला.

त्याचा तळवा ओला होता. त्यानं तिची पाचही बोटं धरली. पाच हजार. मग एकच बोट. वर शंभर. बाजारापेक्षा तीनशेनं कमी. तिनं नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्यानं बोटं सोडली आणि तिचा अंगठा दोनदा दाबला.

"हे काय?"

"ते तुमचं येगळं," तो पुटपुटला. "क्विंटलमागं दोनशे. बायकांना कळायचं कारण न्हाई. निवृत्तीचंबी असंच असायचं."

कोंडाबाईचा हात तिथंच राहिला. मग डाव्या हातानं तिनं रुमाल हळूच ओढून घेतला. तिचा अंगठा अजून वीरण्णाच्या मुठीत होता आणि सगळ्या बायका तो बघत होत्या. वीरण्णानं मूठ सोडली, पण उशिरा.

"प्रिया, घरी गेल्यावर भिंतीवरचा भाऊजींचा फोटो उतरव."

"का ओ, आत्याबाई?"

"उतरव म्हन्ते न्हवं."

वीरण्णा उठला. "अक्का, बाजारभाव देतो. वर पन्नास देतो. आज गाड्या भरू द्या, पाया पडतो."

कोंडाबाईनं रुमालाची घडी घातली. घाई नव्हती तिला.

"बाईचा हात तुला का नको व्हता, ते आज कळलं, वीरण्णा. माल सोमवारी जाईल, उघड्या बोलीनं. सगळ्या व्यापाऱ्यांच्या मागं हुबं ऱ्हा आन् समद्या बायकांना ऐकू जाईल असा वरड. रुमाल मातर हितंच ऱ्हाऊ दे. काटा पुसायला फडकं न्हवतं आमच्याकडं."