उत्तर फाट्याचे पान

मी एक जुनी नकाशांची फाईल आहे. काळे जाड पुठ्ठे, सात कड्या आणि झिजलेले कोपरे, एवढाच माझा संसार. मित्रांनो, ढगात शिरलेल्या वैमानिकाला बाहेर काही दिसत नाही. तो समोरच्या काट्यांवर आणि माझ्या पानांवर भरवसा ठेवून विमान उतरवतो. कुठे वळायचे, कुठे किती उंचीवर असायचे, ते माझ्यात छापलेले असते.

कारखान्यातून आले तेव्हा मी कोरी करकरीत होते. माझा पहिला मालक टपाल आणि औषधे नेणाऱ्या छोट्या विमानाचा कप्तान होता. दर पंधरा दिवसांनी बदललेल्या पानांचे पाकीट यायचे. कप्तान जेवणाच्या टेबलावर माझ्या कड्या उघडायचा, जुने पान काढून त्याचे चार तुकडे करायचा आणि नवे घालायचा. पहिल्यांदा माझ्या काळजात चर्र झाले. पुढे पुढे काही वाटेनासे झाले.

महानगराच्या विमानतळाचे पान सगळ्यांत मळलेले. तिथे विमानांची नुसती रीघ लागते. विमाने उतरायला जिथून वळतात, त्या नकाशावरच्या उत्तरेकडच्या खुणेला उत्तर फाटा म्हणतात. कप्तानाने त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले होते : 'नियंत्रण कक्षाकडे सरळ वाट मागू नये, मिळत नाही. उत्तर फाट्यावरून मागावी. फाट्यावर लगेच तीन हजार फुटांवर यावे, म्हणजे पुढे घाई होत नाही. संध्याकाळी अर्ध्या तासाचे इंधन जास्त घ्यावे, घिरट्या घालायला लावतात.' इतर वैमानिक म्हणायचे, "कप्तान, तुमची ती फाईल जरा दाखवा की!" मग माझा भाव वधारायचा.

एके वर्षी कप्तान आजारी पडला आणि तीन आठवड्यांत गेला. मी त्याच्या मुलीकडे आले. तीही वैमानिक, त्याच विमानावर. ती रडली नाही. दहा दिवसांनी कामावर आली, पाकिटे उघडत राहिली, पाने बदलत राहिली. महानगराचे नवे पान आले तेव्हा मात्र तिने जुने फाडले नाही. नवे त्याच्या मागे सरकवले. मला कळत होते, पण फाईल बिचारी काय बोलणार?

एका दुपारी महानगरावर ढग दाटले होते. बऱ्याच घिरट्यांनंतर उतरायची परवानगी मिळाली. तिने मला मांडीवर उघडले.

"उत्तर फाटा, तीन हजार," ती म्हणाली. विमान खाली जाऊ लागले.

शेजारच्या सहवैमानिकाने आपल्या पडद्यावरचे नवे पान पाहिले. "मॅडम, चार! चार हजार! तिथे नवा टॉवर झालाय. वर घ्या!"

तिने विमान वर घेतले. टॉवर आम्हाला दिसलासुद्धा नाही.

उतरल्यावर तिने वैमानिकांच्या खोलीतून आईला फोन लावला आणि सगळे सांगितले. "बाबांचं अक्षर होतं गं त्यावर. कसं फाडू?"

 आई म्हणाली, "अक्षर हवंय तर घरी त्यांची पत्रं आहेत, ती ठेव. विमानात कशाला? आणि ते स्वतः कुठे ठेवायचे जुनं पान? नवं आलं की सगळं पुन्हा उतरवून काढायचे. चुकीचं झालेलं गाळायचे. जेवण गार व्हायचं, मी बोंबलत बसायचे."

मुलीने पेन्सिल घेतली. वडिलांची एकेक सूचना ती नव्या पानावर उतरवू लागली. तीन हजारांच्या ओळीपाशी थांबली आणि ती ओळ सोडून पुढे गेली. शेवटी तिने जुन्या पानाचे चार तुकडे केले. तेव्हा ती रडली. इतकी वर्षे मला काही वाटत नव्हते, त्या दिवशी मलाही वाटले.

मित्रांनो, माझे पुठ्ठे पुसले नाहीत तरी चालेल. पान जुने झाले की त्याच दिवशी फाडा, मग त्यावर कुणाचेही अक्षर असो.