खालचा ट्रे

आर्वीच्या बाजारात कापसाची गाडी आली की व्यापारी कृष्णकांत वरचा कापूस बघतच नसत. बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालत आणि तळातली मूठ ओढून काढत. त्यांची लेक चारुता लहानपणी चाकावर चढून ते पाहत राही.

तीच चारुता २००६ साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, पुण्याच्या एका कंपनीत सिलिकॉन चिप तपासायला इंटर्न म्हणून गेली होती. तिथे पास झालेला माल तिने अडवला होता. आज त्याची फेरतपासणी होती. तिची चूक निघाली तर तिला घरी पाठवणार होते. सकाळपासून कृष्णकांतांचा चहा तीनदा थंड झाला.

दुपारी मोबाइल वाजला.

"बाबा, माझंच बरोबर निघालं! सगळे वरच्या ट्रेमधल्याच चिप तपासून राह्यले होते. मी तळच्या ट्रेमधल्या काढल्या. तापवल्या, तर बंदच पडल्या."

"तळच्या काऊन काढल्या तू?"

"साहेबांनीबी हेच विचारलं. मी म्हटलं, माझे बाबा कापूस असाच पाह्यतात."

"अवं, साहेबाले कापसाचं सांगतलं तू? हासले असतील!"

"हासले ना. मग म्हणाले, उद्यापासून सगळ्यांनी असंच करायचं."

कृष्णकांतांनी मोबाइल खिशात ठेवला. समोर भरलेली गाडी उभी होती.

"काय म्हणते पोरगी, शेठ?" गाडीवाल्याने विचारलं.

"साहेब लोक तिच्यापासून शिकून राह्यले," म्हणत त्यांनी बाही सारली आणि आज हात पार खांद्यापर्यंत आत घातला.